प्लॉटला नंबर आहे, माणसाला नाही

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षांची पेटी युरोपातल्या दुकानात पोचते तेव्हा तिच्यामागे तिचा सगळा इतिहास लिहिलेला असतो. गाव कोणतं, प्लॉट कोणता, बागाईतदार कोण, कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं, नमुना कोणत्या प्रयोगशाळेनं तपासला, माल कोणत्या पॅकहाऊसमधून निघाला. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत २००६ पासून या नोंदी होतात. निर्यातीच्या प्रत्येक बागेची कृषी खात्याकडं नोंदणी होते, बागेला नंबर मिळतो, आणि रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही.

२०१० चा हंगाम आमच्याकडचे बागाईतदार अजून विसरलेले नाहीत. लिहोसिन या नावानं आपण ओळखतो त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून त्या वर्षी भारतीय द्राक्षं युरोपात अडकली. निर्यातदारांची बिलं थांबली आणि त्याचा फटका थेट बांधापर्यंत आला. त्यानंतर ते रसायन तपासणीच्या यादीत आलं. किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत औषधाचा अंश शोधायचा आणि तो कुठल्या गावच्या कुठल्या बागेतून आला हे सांगायचं, एवढी यंत्रणा आपण उभी केली. अल्पभूधारक शेतकऱ्यांनी ती स्वीकारली, पदरचे पैसे घालून. कारण पलीकडच्या खरेदीदारानं सांगितलं होतं, नोंद नसेल तर माल नको.

म्हणून एखादी मोठी कंपनी जेव्हा सांगते की आमची पुरवठा साखळी फार लांब आहे, खालच्या टोकाला मजुरांचं काय चालतं हे आम्हाला कसं कळणार, तेव्हा सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या माणसानं ते ऐकून घेऊ नये. साखळीच्या टोकापर्यंत दिसतं. जे बघायचं ठरवलं ते सगळं दिसतं. मण्यावरचं औषध बघायचं ठरलं होतं. ते मारणाऱ्या माणसाकडं बघायचं कधी ठरलंच नाही. आणि हे ठरवणं कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, ते कायद्यानंच ठरवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आमच्या भागात कुठल्याही बागेत जा. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावावी लागते, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. त्या पेस्टमधलं मुख्य रसायन हायड्रोजन सायनामाइड. मजूर एका हातात डबा धरतात, दुसऱ्या हातात स्पंज किंवा कापडाचा बोळा घेतात, आणि काडी न् काडी पुसत ओळीनं पुढं सरकतात. हातमोजे असले तर पातळ, दुपारपर्यंत फाटतात. मांडवाखाली हात वर करून काम असल्यामुळं ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत येतो. कातडी लाल होते, सोलते, डोळे चुरचुरतात. टोळीतल्या पुरुषांना आधीच बजावलेलं असतं की पेस्टच्या कामाच्या आगेमागे दारूला शिवायचं नाही. हे रसायन अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात न्यावा लागतो. ही माहिती बागेत सगळ्यांना असते. पण अंगात रसायन जातंय हेच या माहितीतून सिद्ध होतं, त्याचं पुढं कुणी काही करत नाही.

युरोपीय आयोगानं २००८ मध्ये या रसायनाला मान्यता नाकारली. ते हाताळणाऱ्या माणसाच्या आरोग्याला असलेला धोका हे त्यातलं मोठं कारण होतं. तिथल्या बागेतल्या मजुराच्या हाताला ते लागू नये हे तिथल्या यंत्रणेनं ठरवलं. तेच रसायन जर्मनीत आजही तयार होतं आणि बाहेरच्या देशांना विकलं जातं. छाटणीनंतर माल तयार व्हायला साडेतीन-चार महिने जातात, तोवर मण्यात त्याचा मागमूस सहसा उरत नाही. त्यामुळं रेसिड्यूच्या रिपोर्टला त्याची अडचण नाही. खाणारा सुरक्षित, विकणारा सुरक्षित, नोंदवही स्वच्छ. मधे एक बाई उभी आहे, जत तालुक्यातून आलेली, कोपरापर्यंत सोललेल्या हातांची. तिचा नंबर कुठल्याच प्रणालीत नाही.

बागाईतदाराला गुन्हेगार ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पेस्ट लावली नाही तर फूट मागंपुढं होते, फूट मागंपुढं झाली तर घड एकसारखे येत नाहीत, आणि एकसारखे घड नसले तर निर्यातीचा माल नाकारला जातो. घडाचा आकार, मण्याची जाडी, गोडी, रंग, सगळं खरेदीदार ठरवतो. म्हणजे पेस्ट लावायची गरज जिथून येते तिथंच जबाबदारीही जायला हवी. आज ती बांधावर संपते.

द्राक्षाची साखळी निदान सरळ आहे. साखरेची नाही.

कृष्णा-वारणेच्या काठानं कराडपासून मिरजेपर्यंत कारखान्यांची रांग आहे. बॉयलर पेटायच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, विजयपुरा, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जतमधून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद अवजारावर करायची ही पद्धत इतकी रुळली आहे की कुणाला ती खटकत नाही. टोळी जमवणाऱ्या मुकादमानं उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते, कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत. ती हंगामात फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. हिशेब मुकादमाच्या वहीत. दिवसभर फडात तोडणी, मोळ्या बांधणं, रात्री-अपरात्री वाहन आलं की डोक्यावरून मोळ्या वाहून भरणं. बाई पहाटे चूल पेटवून निघते आणि परत आल्यावर पुन्हा चूल पेटवते. आजारपणानं एक दिवस चुकला तर त्याचा खाडा.

बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारनं समिती नेमली, सर्वेक्षण झालं. तपासणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. फडात संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, पोटदुखी घेऊन गेलं की खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि खाडा परवडत नाही. या सगळ्याचा मिळून तो आकडा आहे. या बायकांचे फड कुठं होते? मोठ्या संख्येनं पश्चिम महाराष्ट्रात. आपल्या शिवारात. बातमी बीडची म्हणून छापून आली, पण त्या ज्या उसासाठी राबल्या तो आपला होता, हे सांगली-साताऱ्यानं स्वतःला सांगितलेलं मला कधी ऐकू आलं नाही.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट ही वृत्तसंस्था यांनी मिळून केलेल्या शोधवृत्तानं ही गोष्ट जगापुढं ठेवली. उचल, बालविवाह, शस्त्रक्रिया, आणि या साखरेचं कोका-कोला-पेप्सीसारख्या ब्रँडशी असलेलं नातं. तेव्हा सगळ्यांनी आपापली उत्तरं दिली. त्या उत्तरांचा सूर इथं कुणाला नवा नव्हता. ब्रँड म्हणतो, आम्ही साखर कारखान्याकडून घेतो. कारखाना म्हणतो, तोडणी कामगार आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार मुकादमाकडं बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसं आणतो, मीच मुळात कोयता घेऊन आलेला. आणि शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचे पैसे तर माझ्या बिलातून कापलेत, मग मालक कोण?

हा शेवटचा प्रश्न नीट धरून ठेवण्यासारखा आहे. कुठल्या फडात कधी तोड लागणार हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. टोळी कुठं जाणार ते गट ऑफिसात ठरतं. तोडीची चिठ्ठी कारखान्याचा माणूस, चिटबॉय, देतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, आणि त्याच वजनावर मजुरी बसते. उचलीचा पैसा बहुतेक ठिकाणी कारखान्याकडूनच वाहतूकदारामार्फत खाली येतो, नाहीतर कारखान्याच्या हमीवर बँकेतून. आणि मजुरीचा दर? तो ठरवायला तोडणी कामगारांच्या संघटनांसमोर साखर कारखान्यांचा राज्य संघ बसतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली ती अशाच बैठकीत. जो कामाची जागा ठरवतो, वेळ ठरवतो, वजन करतो, दर ठरवतो आणि आगाऊ पैसा पुरवतो, त्याला मालक म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं? दर ठरवायला टेबलावर बसलेला माणूस अपघात झाला की टेबलावरून उठतो. हे चालतं, कारण मधल्या कागदावर सही वाहतूकदाराची असते.

असं नाही की आपल्या कायद्याला हे कळत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मूळ मालक ही कल्पना होती: कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती द्यायची. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमात मनाई केलेली सक्तीची मजुरी होय, आणि मजूर कंत्राटदाराचे होते एवढ्यावर काम करून घेणाऱ्या सरकारी यंत्रणांना हात झटकता येणार नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींबद्दलच्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात न्यायालय आणखी पुढं गेलं. मजुराकडून सक्तीनं काम करून घेतलं जातंय असं दिसलं, तर ते उचलीपोटीच आहे आणि तो वेठबिगार आहे असंच न्यायालयानं धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. चाळीस वर्षांपूर्वीचा निकाल आहे हा. उचलीवर चालणाऱ्या एवढ्या मोठ्या धंद्यात तो फडापर्यंत पोचलेला दिसत नाही.

फटी कुठं आहेत ते बघा. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य स्थलांतरासाठी होता. बीडचा माणूस कर्नाटकातल्या अथणी किंवा चिकोडीच्या कारखान्यावर गेला तर तो कायद्याच्या व्याख्येत बसायचा, वाळवा किंवा कोरेगावला आला तर नाही, कारण त्यानं राज्याची हद्द ओलांडलेली नाही. काम तेच, कोयता तोच, ऊस त्याच कृष्णेच्या पाण्यावरचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने कायदे त्यांत गेले, पण स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येतलं हे आंतरराज्य बंधन तसंच राहिलं. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू व्हायची मर्यादा तर वीस कामगारांवरून पन्नासवर गेली. टोळ्या दहा-पंधरा कोयत्यांच्या असतात. उरलेली पळवाट फडाचीच: फड हा कारखान्याचा आवार नाही, तो शेतकऱ्याचा, असं म्हटलं की पुढची चर्चा थांबते. आणि शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा जो अहवाल सक्तीचा केला आहे, त्याच्याशी इथल्या सहकारी कारखान्याचा संबंधच येत नाही, कारण तो कंपनीच नाही, संस्था आहे. त्या अहवालात पुरवठा साखळीची माहिती देण्याची सक्तीही ठरून मग ऐच्छिक झाली.

मग उरतं प्रमाणपत्र. साखरेला आहे, कापसाला आहे, द्राक्षाला तर आहेच. ऑडिट करणारा माणूस येतो, मजुरांशी बोलतो, फॉर्म भरतो, जातो. प्रमाणपत्रानं काही सुधारणा होतात हे मी नाकारत नाही. गॉगल, मास्क, औषधाची वेगळी खोली हे आमच्याकडं त्यामुळंच आलं. पण प्रमाणपत्र विकत घेणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो बहुतेकदा एकच असतो, आणि ते चुकलं तर मजुराच्या हातात काहीच नसतं. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार मेले. त्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारहिताचं नामांकित प्रमाणपत्र जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी मिळालं होतं. मुख्य खरेदीदार होती किक ही जर्मन कंपनी. चार पाकिस्तानी फिर्यादी जर्मनीत डॉर्टमुंडच्या न्यायालयात गेले. २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला तो मुदत संपली म्हणून, तीही पाकिस्तानच्या कायद्यानं ठरलेली मुदत. कंपनी जबाबदार होती की नव्हती, हा मूळ प्रश्न न्यायालयानं उघडलाच नाही.

यवतमाळचं आपलं उदाहरण तर घरातलंच. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यातल्या दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी सिंजेंटा या कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये दावा दाखल केला. विदर्भातल्या बाईला न्याय मागायला बाझेलपर्यंत जावं लागतं. भोपाळमध्ये उलटी वाट होती: कंपनीच्या घरी, अमेरिकेत, दावा चालवा अशी मागणी खुद्द भारत सरकारची होती, आणि १९८६ मध्ये तिथल्या न्यायालयानं तो भारतात पाठवला. शेवटी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनी ज्या देशात असेल त्या देशात मजुराला जाता येत नाही, आणि मजूर ज्या देशात असेल तिथं कंपनी सापडत नाही.

हे बदलायला युरोपनं सुरुवात केली होती. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिलाई करणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. फ्रान्सनं २०१७ मध्ये दक्षतेचा कायदा केला, म्हणजे मोठ्या कंपनीनं आपल्या पुरवठा साखळीतल्या माणसांच्या हक्कांवर लक्ष ठेवायचं. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू झाला. २०२४ मध्ये युरोपीय संघानं सगळ्या सदस्य देशांसाठी निर्देश काढला, आणि त्यात नुकसानग्रस्ताला दिवाणी दावा करता यावा, त्यासाठी किमान पाच वर्षांची मुदत असावी, अशीही तरतूद होती. कराचीच्या त्या मुदतीच्या दगडाला ठेचकाळलेल्यांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती. २०२५ मध्ये युरोपनंच पाय मागं घेतला. स्पर्धेत टिकायचं म्हणून आधी अंमलबजावणी पुढं ढकलली, मग डिसेंबरमध्ये निर्देश लागू व्हायची मर्यादा १,००० कामगारांवरून ५,००० वर नेली, आणि सगळ्या संघासाठी सारखी असणारी दिवाणी जबाबदारीची तरतूद काढून टाकली. अहवाल राहिले, मजुराचा दावा गेला. म्हणजे साखळीतला एकच असा दुवा, जो खालून वर ओढता येत होता, तो काढला.

आपल्याकडं काहींना याचा आनंद झाला. त्यांचं म्हणणं असं की हे कायदे म्हणजे युरोपची मागल्या दारानं येणारी व्यापारबंदी. या शंकेत तथ्य आहे. नियम तिथं ठरतात, खर्च इथं होतो, हे आम्ही द्राक्षात भोगलंय. पण जबरदस्तीच्या मजुरीला मनाई करणारं २३ वं कलम आपल्या घटनेतलं आहे, ते ब्रुसेल्सहून आलेलं नाही. आणि हा प्रश्न गोऱ्यांनी काळ्यांना शिकवायचाही उरलेला नाही. झांबियातल्या चिंगोला इथल्या तांब्याच्या खाणीनं पाणी खराब केलं म्हणून तिथल्या गावकऱ्यांनी लंडनमध्ये ज्या वेदांतावर दावा लावला, ती भारतीय माणसानं उभारलेली कंपनी. तो दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो असं २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. आपल्या कंपन्या जगात जाणार असतील तर या न्यायात आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत.

खरा आक्षेप दुसरा आहे आणि तो आपल्या गावातला आहे: हे सगळं शेतकऱ्याच्या डोक्यावर येईल. कारखाना सभासदांचा. कारखान्यावर बोजा पडला की तोडणी-वाहतूक वाढणार आणि ती आमच्या एफआरपीतून, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, कापली जाणार. हे खरं आहे. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच राहिला. एफआरपी मात्र २०१८-१९ मधल्या क्विंटलमागे २७५ रुपयांवरून २०२५-२६ मध्ये ३५५ वर गेली, आणि ती जायलाच हवी होती. मधे कारखाना दाबला जातो, आणि दाबलेला कारखाना खाली दाबतो. म्हणून जबाबदारी कारखान्यापाशी थांबवून भागणार नाही, ती खरेदीदारापर्यंत न्यायला हवी.

किती पैशांचा प्रश्न आहे हा? साधं गणित करू. एक टन उसातून आपल्याकडं साधारण ११० किलो साखर निघते. तोडणीचा दर टनाला सरळ शंभर रुपयांनी वाढवला तर साखरेच्या किलोमागे रुपयापेक्षा थोडं कमी पडतं. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे बाटलीमागे तीन पैसे. दिवसाला दीड-दोन टन तोडणाऱ्या कोयत्याला त्यातून रोजचे दीडशे-दोनशे रुपये जास्त मिळतात. संडास, पाणी, विमा, मुलांची शाळा हे धरून हिशेब दुप्पट करा, तिप्पट करा. तरी तो दहा पैशांच्या वर जात नाही. या साखळीत पैसा नाही असं कुणी म्हणू नये. पैसा आहे, तो वरून खाली यायचा रस्ता नाही.

आणि शेतकऱ्याचं आजच्या व्यवस्थेत तरी काय भलं होतंय? तोड मिळावी म्हणून त्याला टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावे लागतात, वाहनचालकाचे ‘एन्ट्री’चे पैसे वेगळे. वाहतूकदार तर सगळ्यात वाईट अडकलाय. ट्रॅक्टर कर्जावर, उचलीचे लाखो रुपये मुकादमाला दिलेले, आणि ऐन हंगामात टोळी आलीच नाही. सांगली-साताऱ्यात अशा फसवणुकीच्या तक्रारींचे ढीग आहेत, जमिनी विकलेली तरुण मुलं आहेत. लोक याला बीडच्या माणसांचा लबाडपणा म्हणतात. मला वाटतं वाहतूकदाराची फसवणूक आणि तोडणी कामगाराची पिळवणूक एकाच भोकातून होते. कारखान्यानं कामगाराशी थेट नातं नाकारलं, त्यामुळं लाखोंची उचल कुठल्याही नोंदीशिवाय मध्यस्थांच्या हातून फिरते. कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर असता, पैसे त्याच्या खात्यात गेले असते, तर मुकादमाला दोन कारखान्यांकडून उचल घेऊन गायब होता आलं नसतं. कोयतेवाल्याचा हक्क आणि आपल्या पोरांचा ट्रॅक्टर एकाच कागदानं वाचतो, हे आपल्याकडच्या सभांमधून बोललं जायला हवं.

हार्वेस्टर येईल आणि प्रश्न संपेल, असं सांगणारेही भेटतात. यंत्र येईल तेव्हा येईल. बांधाबांधाच्या लहान फडात, पावसाळी चिखलात ते अजून फिरत नाही, आणि तोवर दोन पिढ्या मोळ्या वाहतील.

कायदा कसा असावा याचा नमुना आपल्याच देशात आहे. तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यातल्या कपड्याच्या कारखान्यात एका तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला. त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या बायकांच्या, दलित महिलांनी चालवलेल्या कामगार संघटनेनं कारखान्याशी आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या एच अँड एम, गॅप अशा ब्रँडशी करार केला. करार बंधनकारक. कारखान्यानं अटी मोडल्या तर ब्रँडनं धंद्यात त्याचे परिणाम दाखवायचे, पाळल्या तर काम द्यायचं. त्याआधी राणा प्लाझानंतर बांगलादेशात दोनशेहून जास्त ब्रँडनी संघटनांशी असाच बंधनकारक करार केला होता. त्यातल्या एका ब्रँडनं इमारती दुरुस्त करायला पैसे देण्यात चालढकल केली तेव्हा संघटना हेगच्या लवादात गेल्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्या ब्रँडनं २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. प्रमाणपत्राला हे कधी जमलं नाही. फरक एवढाच की इथं कामगाराकडं सही केलेला कागद होता आणि तो घेऊन जायला एक जागा होती.

महाराष्ट्रात हे करायला युरोपची वाट बघायचं कारण नाही. राज्यानं कायद्यात एवढं लिहावं की ज्या कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन होतं तोच त्या तोडणीचा मूळ मालक, मधे कितीही सह्या असोत. उचल कारखान्याच्या नोंदीत यावी आणि नवरा-बायकोच्या स्वतंत्र खात्यांत जावी, म्हणजे कोयत्याची दोन माणसं होतील. स्थलांतरित म्हणजे जिल्हा ओलांडून आलेलाही, अशी दुरुस्ती व्हावी. आणि वर्षाला ठराविक टनांपेक्षा जास्त साखर घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर, ती अटलांटाची असो की अहमदाबादची, हे बंधन असावं की फडात मजुरी बुडाली, अपघात झाला, बालमजूर सापडला, तर कारखान्याबरोबर तिच्यावरही दावा लावता येईल, आणि तो सांगली-साताऱ्याच्या न्यायालयात लावता येईल. टनामागे दहा रुपये घेऊन चालणारं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, ते राहू दे. पण त्यातून मिळतं ते कल्याण. इथं विषय हक्काचा आहे.

तोडणी दराचा पुढचा करार होईल तेव्हा साखर संघ येईल, संघटना येतील, मंत्री येतील, टक्के ठरतील, फोटो निघतील. त्या बैठकीला शीतपेयांच्या आणि बिस्किटांच्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी बोलवावेत. ते आले नाहीत तर का आले नाहीत हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारावं, कारण साखर त्यांचीच विकली जाते. द्राक्ष बागाईतदार संघानंही निर्यातदारांना लेखी विचारावं की पेस्टच्या रसायनाला पर्याय शोधण्याचा, जाड हातमोज्यांचा आणि मजुरांच्या तपासणीचा खर्च खरेदीदार किती उचलणार. आणि ग्रेपनेटच्या नोंदीत प्लॉटच्या नंबराशेजारी आणखी एक रकाना असावा: या बागेत काम कुणी केलं, किती मजुरीवर, आणि त्यांना काही झालं तर जबाबदार कोण.